पान्हा चोरणारी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले की आमच्याकडे हवेला एक वास सुटतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो आणि मळीचा तो आंबटगोड, जरासा कुजका वास वारा फिरेल तिकडं फिरतो. बारामतीत नव्यानं बदली होऊन आलेली माणसं नाक मुरडतात, हा कसला हो वास म्हणून विचारतात. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर हंगामात कुणीतरी खिडकी लावून घेतं, आणि मी उठून ती पुन्हा उघडते. मला तो वास आवडतो असं नाही. आवडतो की नाही, हे अजून ठरत नाही. एवढंच कळतं की तो आला की बगलेपासून एक बारीक कळ निघते, छाती जड होते, आणि वर्गावर जाताना मी उगाचच ओढणी सारखी करते.

माझी स्वरा अशाच हंगामात झाली. आता ती चौथीत आहे. परवा तिला क्लासहून आणत होते तर भिगवण रोडला उसाच्या जोडट्रॉलीमागं आमची स्कूटर अडकली. पुढं ऊस, मागं ऊस, मध्ये आम्ही दोघी. मागच्या सीटवरून हात लांबवून तिनं एक कांडं ओढायचा प्रयत्न केला, मी दटावलं, तशी ती गप्प बसली. गप्प बसली की ही पोर काहीतरी विचारणार हे ठरलेलं.

"आई, मी अगदी छोटी होते ना, तेव्हा मी तुला ओळखत होते का?"

"होतीस की. आईला सगळीच बाळं ओळखतात."

"आणि तू मला?"

तेवढ्यात ट्रॉली हलली, मागच्यानं हॉर्न मारला, आणि मी सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. घरी आले, कुकर लावला, वह्या तपासायला घेतल्या, तरी तो डोक्यात वळवळत होताच. खरं उत्तर द्यायचं तर नाही गं बाई, मी तुला मुळीच ओळखत नव्हते. पण हे लेकराला कसं सांगायचं?

सातवीच्या पोरांना मी सस्तन प्राणी शिकवते. पिलांना जन्म देतात आणि त्यांना दूध पाजतात, असं एका दमात सांगून मोकळी होते. त्या दोन गोष्टींमध्ये एवढं मोठं अंतर असतं, ते मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. बारामतीच्या दवाखान्यात माझं सीझर झालं. गुंगीतून डोळे उघडले तर एक लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली मुलगी माझ्या शेजारी ठेवलेली. एसटी स्टँडवर कुणी अनोळखी बाई आपल्या हातात पिशवी देते, "जरा धरा हो, आलेच," म्हणते आणि परत येतच नाही, तसं मला झालं. मी तिच्याकडं बघत राहिले. सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून माझ्या सासूबाईंना काळजी वाटली.

त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. दूध आलं का? नळाला पाणी आलं का, लाइट आली का, तसंच. सिस्टर विचारायची, आया विचारायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई विचारायची. माझ्या नवऱ्याच्या, सागरच्या, ऑफिसातले एक गृहस्थ भेटायला आले होते, त्यांनीसुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत विचारलं. सागर सगळ्यांना "येईल, येईल" असं सांगत होता.

आलं होतं ते पिवळट, चिकट, थेंबा-थेंबानं. त्यावरूनही खाटेच्या दोन बाजूंना दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "ते पिवळं बाधतं गं पोटाला. आमच्या वेळी पिळून टाकायचे." माझी आई माहेराहून, निरवांगीहून आली होती, गोठ्यात जन्म गेलेली बाई, तिनं पदर खोचला. "चीक हाय तो. वासराला आपण आधी तोच पाजतो, मग लेकरानं काय घोडं मारलंय?" सिस्टरनं दोघींनाही बाहेर काढलं आणि मला सांगितलं की एक थेंबही वाया घालवायचा नाही. मग तिनं पोरीचं डोकं धरून माझ्या छातीशी दाबलं. "नुसतं टोक नको मॅडम, तोंड भरून आत गेलं पाहिजे." पोर दोनदा चाचपडली, तोंड फिरवलं आणि किंचाळली. माझे टाके ओढले गेले. मला कळेना की मी तिला धरू, की स्वतःला सावरू, की सिस्टरचा हात बाजूला करू. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. शेवटी चमच्यात चीक पिळून तिच्या ओठावर सोडायचा, असं ठरलं. तेवढ्यावर ती तग धरून होती.

घरी सोडताना बाळाच्या डॉक्टरांनी वजन केलं आणि कपाळाला आठी घातली. "उतरलंय. पहिल्या दिवसांत उतरतं, पण एवढं नको. सोमवारी घेऊन या. वाढलं नसलं तर डबा सुरू करू." सागर व्यवस्थित माणूस. त्यानं त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणून ठेवला, उगाच वेळेला धावाधाव नको म्हणून. त्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं. त्या बाळाचा मला इतका राग यायचा की मी डबा भिंतीकडं तोंड करून ठेवला.

आता विचार करते, एवढं काय होतं त्या डब्यात? माझ्या मैत्रिणीची दोन्ही पोरं डब्यावर वाढली आणि आज माझ्या पोरीपेक्षा धट्टीकट्टी आहेत. मी काही हट्टी बाई नाही, तत्त्वाबित्त्वाची तर नाहीच. पण तेव्हा माझ्या मनानं घेतलं होतं की हा डबा उघडला तर संपलं. पोरीला माझ्याकडून हवी असलेली एवढी एकच गोष्ट. तीही डब्यातून मिळायला लागली तर तिनं मला ओळखायचं तरी कशासाठी? मला तर ती अजून आपली वाटत नव्हती. निदान तिला तरी मी हवी असावी, असं वाटायचं.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी निरवांगीला गेले, डबाही सामानात आला. मागच्या खोलीत बाज, बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून केलेली धुरी, कानाला फडकं. अळिवाची खीर, खारीक-खोबरं, मेथीची भाजी, लसणाची चटणी, एक संपलं की दुसरं. खोलीची खिडकी गोठ्याकडं उघडायची. गोठ्याच्या पलीकडं भावकीतल्यांचा ऊस, आणि त्या उसाला तोड लागलेली. ऊसतोड मजुरांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे बांबू-पत्र्यांची खोपटं, बांधावरच होत्या. दिवसभर कोयत्याचा खटखट आवाज, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा वास, त्यात मळीचा वास, शेणाचा, ओव्याच्या धुराचा. त्या सगळ्यात पोरीचं रडणं, आणि मी घामाघूम.

गाईनं पान्हा सोडला की धार लागते. नाही सोडला तर कास तटतटलेली असूनही धारेचं मशीन कोरडंच फुसफुसत राहतं. अशा वेळी आमच्याकडं म्हणतात, गाय पान्हा चोरतीय. लहानपणापासून हे शेकडो वेळा ऐकलेलं. पण एक दिवस खिडकीतून आईचा आवाज आला. ती आबांना, माझ्या वडिलांना, हळूच सांगत होती. "पान्हा चोरतीया पोरगी. छाती भरलीया, हाताला लागतंय, पर सोडंना झालीया."

आबांनी हातातली वैरण खाली ठेवली. मग म्हणाले, "तिच्या म्होरं वरडू नगा कुणी. बुजलीया ती."

आणि त्या घरानं मला गाईसारखं वागवायला सुरुवात केली. कुणी तसं कबूल करणार नाही, पण गोठ्यात वाढलेली मी, मला कळत होतं. नवी गाय आणली की आई जे करते तेच सगळं. खोलीत एका वेळी एकानंच यायचं. भांडं आपटायचं नाही. पोरीला दूर पाळण्यात न ठेवता माझ्या कुशीलाच ठेवायचं, तिची टाळू माझ्या नाकाशी येईल असं. पाजायला घेतलं की आई समोर खिरीची वाटी आणून ठेवायची, अगदी धारेच्या वेळी गाईपुढं आंबोणाची पाटी ठेवावी तशी, आणि मागं बसून पाठीवरून हात फिरवत राहायची. आबांनी रेडिओ बंद करून टाकला. लेक पाजत असलेल्या खोलीत ते पाऊल टाकायचे नाहीत, पण अंगणातून त्यांचा दबका आवाज यायचा, ट्रॅक्टरवाल्याला सांगत असायचे, "हिकडनं नगं नेऊस रं, वरच्या अंगानं ने. पोरगी दचकती."

एकदा माझा पारा चढला. "मी गाय आहे का गं?"

"न्हाय," आई पाठीवरचा हात न थांबवता म्हणाली. "गाय एवढं बोलत न्हाय."

हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्या दिवसांत या दोन्हींच्या मध्ये काही नव्हतंच. पण तो चोरण्याचा शब्द मात्र मनात रुतून बसला. मी चोरतेय म्हणजे माझ्याकडं आहे. आहे तर कुठं ठेवलंय? हरवलेली किल्ली शोधताना आपण जसं पुन्हा पुन्हा त्याच कप्प्यात हात घालतो, तसं मी स्वतःत शोधत बसायचे. गाय पान्हा चोरते ती वासरासाठी राखून ठेवायला. मी कुणासाठी राखत होते? आणि कुणापासून? वासरूच तर मांडीवर होतं. मग मनात यायचं, ही मला आवडलेलीच नाही की काय, आणि ते माझ्या आधी माझ्या अंगाला कळलंय की काय. असं वाटलं की मी घाबरून तिच्याकडं बघायचे. तीही बघायची, कपाळाला आठ्या घालून, डॉक्टरांसारखी.

सोमवार दुसऱ्या दिवसावर आला. त्या दुपारी पोर रडून रडून थकली आणि कण्हत झोपली. तिचे ओठ सुकले होते. आईनं तिच्या पायाचा तळवा अंगठ्यानं चोळून बघितला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आईचा चेहरा उतरलेला दिसला. ती उठली, चुलीवर पाणी ठेवलं, त्यात वाटी-चमचा टाकला.

"उघड बाई तो डबा," ती म्हणाली. "लेकराची आबाळ नगं. कुणी तुला नावं ठिवत न्हाय."

ती गोठ्यात गेली. मी डबा मांडीवर घेतला. झाकणाखाली चमच्याचं टोक घातलं. झाकण घट्ट होतं. आणि तेवढ्यात उसाच्या बाजूनं एक पोर रडलं. माझी नव्हे. माझी झोपलेली होती. कोप्यांकडून आलेलं रडणं, मोठ्या, भरलेल्या आवाजाचं, हट्टानं भरलेलं.

आधी बगलेत मुंग्या आल्या. पाय झोपून जागा होताना येतात तशा. मग काहीतरी आवळलं, सुटलं, आणि गाऊन भिजला. मी डब्याकडं बघितलं, वाटलं पाणी सांडलं. मग कळलं. दोन्हीकडून. धार म्हणावी असं. मी आधी दाराकडं बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून, आणि मग त्या झोपलेल्या पोरीला खसकन उचललं. झोपलेलं मूल उठवू नये, सगळ्या बाया सांगतात. मी उठवलं. ओला गाऊन बाजूला करून तिचं तोंड लावलं. तिला ठसका लागला. मग ती थांबली, जणू नीट विचार केला, आणि तोंड भरून धरलं. घळघळ आवाज आला. गिळण्याचा. एवढ्याशा गळ्यातून एवढा मोठा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं.

मला खूप आनंद झाला. हे आधी लिहायला हवं, कारण त्याच्या मागोमाग जे मनात आलं ते वेगळं होतं. ते पोर तिकडं रडतच होतं, आणि मला भीती वाटली की ते गप्प झालं तर हे थांबेल. म्हणून मी मनात म्हणाले, रड. अजून थोडं रड. कुणी घेऊ नका त्याला.

दुसऱ्या दिवशी वजन वाढलेलं निघालं. फार नाही, पण वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, सीझरनंतर उशिरा उतरतंच, वेळ झाली होती, उतरलं. आई म्हणाली अळीव. सागर म्हणाला त्यानं आणलेली शतावरीची पावडर. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की त्यांनी नरसिंहपूरच्या नरसिंहाला साकडं घातलं होतं, आता जोडीनं जाऊन यायचं. डबा सागरनं मेडिकलवाल्याला परत केला. सगळे खूश होते आणि प्रत्येकाकडं एक कारण होतं. माझ्याकडंही होतं, पण ते कुणाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

मग मला सवयच लागली. पाजायची वेळ झाली की मी पोरीला घेऊन खिडकीशी बसायचे आणि कान उसाकडं लावायचे. ते रडलं की पान्हा यायचा. कधी नाही रडलं तर मी अस्वस्थ, पोर अस्वस्थ. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, मुलगा की मुलगी तेही माहीत नव्हतं. तरी तिन्हीसांजेला ते रडायला लागलं की मला हायसं वाटायचं. आई म्हणायची, बघ, आता कशी निवांत झालीयस. मी निवांत मुळीच नव्हते. उसाची शेतं एका बाजूनं उघडी पडत होती, टोळी पुढं सरकत होती, आणि तोडीचा फड संपला की ही माणसं जाणार हे मला दिसत होतं. मग माझं काय होणार?

हे दूध कुणाचं होतं, हा विचार मी आजही करते. डॉक्टरांचं बरोबर असेल. वेळ झाली असेल आणि ते रडणं नेमकं त्याच वेळी आलं असेल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं तरी असंच म्हणायला हवं. पण मग त्या दिवसापर्यंत माझी पोर माझ्या कुशीत जीव तोडून रडत होती, तेव्हा हे अंग का हललं नाही? माझी आई, आबा, सगळं घर दबक्या पावलांनी वावरत होतं, तेव्हा का नाही? स्वरा मला विचारते, तू मला ओळखत होतीस का. मी तिला काय सांगू? तुझ्यासाठी आलं असं म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. दुसऱ्यासाठी आलं म्हणावं तर प्यालीस तूच, आणि पिता पिताच कधीतरी तू माझी झालीस. तो क्षण नेमका कोणता, हेसुद्धा मला सांगता येत नाही.

फड संपला त्या दिवशी सकाळपासून कोप्या मोडत होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, पत्रे, भांडी चढत होती. मी पोरीला पाजून निजवलं होतं आणि जरा ऊन घ्यायला दारात आले होते, तर टोळीतली एक बाई हंडा घेऊन अंगणात आली. बीडकडची असावी. काखेत सात-आठ महिन्यांचं पोरगं, आणि ते रडत होतं. तोंड मी कधी बघितलं नव्हतं, पण आवाज लगेच ओळखला.

"मावशे, हंडाभर पाणी घिऊ का? वाटंला लागंल."

"घे की," आई म्हणाली. "का गं रडतंय एवढं? पाजलं न्हाईस व्हय?"

"काय पाजू?" तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. "आटलंय. पहाटंपस्नं मोळ्या वहायच्या, दिवसभर उन्हात. कवा आटलं त्ये बी कळलं न्हाई. भाकरीचा काला चारते, पर त्याला त्येच पायजे."

एवढे दिवस ते कशासाठी रडत होतं, ते मला तेव्हा कळलं.

माझा गाऊन भिजायला लागला होता. दोन मोठे डाग. बाईच्या नजरेला आधी तेच पडतं, तिच्याही पडलं. पोराचा हात माझ्याकडं आला, त्याला वास लागला असावा. मी काही ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं, "मी पाजू का त्याला?"

आई माझ्याकडं बघतच राहिली, पण नको म्हणाली नाही. त्या बाईनं हंडा खाली ठेवला. पोराला काखेतून पुढं घेतलं, दोन पावलं माझ्याकडं आली. मीही हात पुढं केले. मग ती थांबली. पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला दुसऱ्या काखेला घेतलं.

"नगं ताई," ती म्हणाली. "आज पोट भरंल त्याचं. मंग उद्या ह्येच मागंल, तवा मी कुठनं आणू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आईनं गाईचं दूध तापवून तिला किटलीभर दिलं, ते तिनं घेतलं, डोक्यावर हंडा चढवला आणि गेली. ट्रॉलीतल्या सामानावर चढून बसलेली मला दारातून दिसत होती. ट्रॅक्टर सुरू झाला. पोराचं रडणं आधी इंजिनाच्या आवाजात बुडालं, मग मधेच वर आलं, मग बांधाच्या वळणावर ऐकू येईनासं झालं. हा आवाज गेला की माझं आटेल, अशी मला इतके दिवस धाकधूक होती. आवाज गेला. दूध थांबलं नाही. ते पोटावरून खाली ओघळत राहिलं, आणि आत माझी पोर पोट भरून झोपली होती.